ताई, तुम्ही आम्हाला वेगळं केलं नाहीत

ताई नमस्कार, नाव लिहिलेलं तुम्हाला चालणार नाही म्हणून नुसतं ताई लिहिते, वाचलंत की कळेलच.

माझी लेक ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्मली तेव्हा सगळ्यांनी मुलगा म्हटलं पण ती मुलगीच आहे. मिरजेहून दोघी निघालो तेव्हा तिची बारावीची मार्कलिस्ट आणि माझ्या पर्समध्ये साडेसहाशे रुपये, एवढंच. ह्यांनी सांगितलं, त्याला ठेवायचं असेल तर तू पण चालती हो, आणि मी झाले. स्वारगेटला उतरलो तर धो धो पाऊस. बायकांच्या एका निवाऱ्यात गेलो, मला या म्हणाले आणि तिच्याकडे बघून म्हणाले ह्याला पुरुषांच्या हॉलमध्ये पाठवा. १९ वर्षांचं माझं लेकरू, केस नुकते मानेपर्यंत आलेले, ओढणी गच्च धरून उभं. त्या हॉलमध्ये रात्री काय झालं असतं हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. दोन रात्री स्टँडवर काढल्या, ती झोपली की मी जागी, मी झोपले की ती.

मग कुणीतरी तुमच्या संस्थेचा नंबर दिला. तुम्ही आधी कागद मागितले नाहीत, तिला विचारलंत, "बाळा, नाव काय लिहू?" तिने माझ्याकडे बघितलं आणि माझ्यासमोर पहिल्यांदा स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं. तोवर मी पण जुन्याच नावाने हाक मारायचे ताई. रजिस्टरमध्ये तुम्ही तिचं नाव लिहिलंत, खाली माझं, आणि नात्याच्या रकान्यात आई-मुलगी.

तुम्हीच सांगितलंत की सरकारचं गरिमा गृह म्हणजे निवारा आहे, तो तिला घेईल पण ते ट्रान्सजेंडर लोकांसाठीच, आई नाही राहू शकत तिथे. २०१९ च्या ट्रान्सजेंडर हक्कांच्या कायद्याचं १२ वं कलम पण तुम्हीच वाचून दाखवलंत, ट्रान्सजेंडर म्हणून कुणाला आईबापाच्या घरातून काढता येत नाही म्हणून. मला हे माहीतच नव्हतं. परत जायचंय का विचारलंत, मी नको म्हटलं, तुम्ही एकदाही समजूत घालायला आला नाहीत की नवरा आहे, सांभाळून घ्या वगैरे. ऑफिसमागची सामानाची खोली रिकामी करून दिलीत आणि तिथे पाच महिने राहिलो आम्ही, मी सगळ्यांच्या पोळ्या लाटायचे, ती कॉम्प्युटर शिकली, कलेक्टर ऑफिसच्या ट्रान्सजेंडर ओळखीच्या सर्टिफिकेटचा ऑनलाइन फॉर्म तुम्ही शेजारी बसून भरून घेतलात.

रूम शोधताना तर किती दारं बंद झाली, दोघींना बघितलं की भाडं वाढायचं नाहीतर रूम कालच गेली म्हणायचे. शेवटी तुम्ही स्वतः येऊन मालकाशी बोललात, डिपॉझिट संस्थेने भरलं, मी दर महिन्याला थोडं थोडं फेडतेय.

आता हडपसरला एक खोली आहे आमची. लेक सकाळी कामावर जाते आणि मी तिला तिच्या नावाने हाक मारून डबा देते. तुमची निळी सतरंजी धुऊन वाळवून ठेवलीये, रविवारी आणून देते, पुढच्या कुणालातरी लागेल.