'ब्लू मंडे'मधला निसटलेला स्वर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऐंशीच्या दशकातील सिंथ-पॉपवर, म्हणजे सिंथेसायझरवर बेतलेल्या पॉप संगीतावर, लेख आला आहे. त्यात न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडच्या 'ब्लू मंडे' या गाण्याची बोळवण 'बटण दाबून झालेले गाणे' अशी एका वाक्यात केली आहे. या समजाला खतपाणी बँडनेच घातले, हे खरे. 'वन्स मोअर'चा गजर झाला की बटण दाबावे, गाणे आपले आपण वाजत राहावे आणि आपण मंचावरून निघून जावे, या आळशी कल्पनेतून गाणे सुरू झाले, असे ते सांगत आले आहेत. पण त्या बटणापर्यंत पोहोचण्यासाठी १९८२ मध्ये लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत किती हमाली झाली, ते लेखात कुठेच नाही.

तेव्हा मिडी, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे यासाठीची सामायिक पद्धत, नव्हती. दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर मिडीच्या तारेने जोडून जाहीरपणे दाखवले गेले ते जानेवारी १९८३ मध्ये. तोवर हे गाणे टेपवर उतरलेले होते. ठोक्यांसाठी ओबरहाइम डीएमएक्स हे ड्रम मशीन होते, खर्जासाठी मूग सोर्स हा सिंथेसायझर. मूगला ठरलेल्या क्रमाने स्वर पुरवणारे यंत्र, म्हणजे सिक्वेन्सर, पॉवरट्रान कंपनीचा, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः सोल्डरिंग करून जोडायचा संच. तो बँडचा गायक-गिटारवादक बर्नार्ड समनरने जोडला होता. ड्रम मशीन ठरावीक अंतराने विजेचे स्पंद सोडते आणि प्रत्येक स्पंदाला सिक्वेन्सर एक पायरी पुढे सरकतो. दोघांचे स्पंदांचे गणित निराळे असेल तर खर्ज दुप्पट वेगाने पळतो किंवा मागे रेंगाळतो. डीएमएक्स आणि हा सिक्वेन्सर एका लयीत चालावेत म्हणून एक वेगळे सर्किट मुद्दाम बनवून घ्यावे लागले.

सिक्वेन्सरमध्ये गाणे भरायचे काम बँडमधल्या गिलियन गिल्बर्टकडे होते. पडदा नाही, माउस नाही. एकेक स्वर हाताने. तिने सगळी स्वरावली ए-फोर कागदांवर लिहून ते चिकटपट्टीने जोडले, तेव्हा ती पट्टी स्टुडिओभर लांब झाली. विणकामाच्या भल्यामोठ्या नमुन्यासारखी, असे तीच म्हणते. त्यातला एक स्वर भरायचा राहून गेला. अशा यंत्राला वेळ कळत नाही, फक्त क्रम कळतो. मधली एक पायरी गळाली की पुढच्या साऱ्या पायऱ्या एकेक घर अलीकडे सरकतात. म्हणून सिंथची धून ठोक्यांशी किंचित तिरकी चालते. ती चूक तशीच ठेवली गेली आणि तिथेच या गाण्याला त्याचा डौल मिळाला, असे माझे मत आहे. कुणी ती 'दुरुस्त' करून वाजवली की गाणे बेचव लागते.

दुसरा अपघात विजेचा. जमून आलेला ठोक्यांचा पॅटर्न ड्रमर स्टीफन मॉरिसचा पाय तारेला लागून पुसला गेला आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. आधीचा जास्त चांगला होता, असे बासवादक पीटर हुक आजही म्हणतो. (हुक कशाला चांगले म्हणेल याचा नेम नसतो, पण ते असो.) मधेच घुमणारा वृंदगायनासारखा आवाज क्राफ्टवेर्क या जर्मन बँडच्या 'युरेनियम' या रचनेतून घेतलेला आहे. तो वाजवायला इम्युलेटर हा सॅम्पलर, म्हणजे बाहेरचे आवाज साठवून वाजवणारे यंत्र, होता, ज्यात फ्लॉपीवरून जेमतेम दोनेक सेकंदांचे आवाज भरता येत.

आपल्या वाचकांत घरच्या संगणकावर हे गाणे उभे करून पाहणारे तरुण आहेत, म्हणून थोडे हिशेबाचे. लय मिनिटाला १३० मात्रा, म्हणजे एक मात्रा सुमारे ४६१ मिलिसेकंदांची आणि पाव मात्रा ११५ची. सुरुवातीला ठोके सुटे येतात आणि लगेच चौगुनीत झड लागते. त्या झडीत ध्वनीची शेपटी, म्हणजे ठोक्यानंतर घुमत राहणारा नाद, ११५ मिलिसेकंदांहून लांब ठेवली की ठोके एकमेकांवर चढून नुसती घरघर होते. शेपटी कापावी, जोर कमी करू नये. सिंथची धून सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या चौकटीत बसवण्याचा मोह टाळावा. हुकचे बास गिटार तर कुठल्याच यंत्रात नव्हते. ते वरच्या स्वरांत, हाताने वाजवलेले आहे, त्यामुळे तिथे चौकट मुळीच नको. गायला घाई करू नये. मूळ गाण्यात आवाज येतो तो दोन मिनिटे उलटल्यावर.

लेखातील दोन चुकाही सांगायला हव्यात. हे गाणे ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेले ते १९८३ मध्ये नव्हे. मार्च १९८३ मध्ये आलेली मूळ तबकडी वसंतात १२व्या स्थानापर्यंत चढली, मग उतरली आणि ऑक्टोबरमध्ये ९व्या स्थानी पोहोचली. त्या वसंतात 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्या कार्यक्रमात इतरांसारखे ओठ हलवण्याऐवजी त्यांनी प्रत्यक्ष वाजवायचा हट्ट धरला. यंत्रे नीट चालली नाहीत आणि खप वाढण्याऐवजी घटला, असे बँडच सांगतो. तिसरा क्रमांक १९८८च्या फेरमिश्रणाचा. त्यात अमेरिकी संगीत-निर्माता क्विन्सी जोन्सचा हात होता. दोन्हींतला फरक ओळखणे सोपे आहे. मूळ बारा इंची तबकडी ७ मिनिटे २९ सेकंदांची; व्हिडिओत अमेरिकी छायाचित्रकार विल्यम वेगमनचा कुत्रा दिसला, तर ती १९८८ची आवृत्ती समजावी.

दुसरी चूक वेष्टनाची. डिझायनर पीटर सॅव्हिलने ते फ्लॉपी डिस्कसारखे, भोके कापून केले आणि गाण्याचे नाव रंगांच्या सांकेतिक पट्ट्यांत लिहिले. त्या पट्ट्यांची किल्ली त्याच वर्षीच्या 'पॉवर, करप्शन अँड लाइज' या अल्बमच्या मागील बाजूस आहे. हे वेष्टन महाग पडल्याने प्रत्येक प्रतीमागे फॅक्टरी रेकॉर्ड्स या तबकडी कंपनीला तोटा झाला, ही कथा लेखात छातीठोकपणे दिली आहे. तोट्याचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो आणि नंतरच्या प्रती भोकांशिवाय, स्वस्तात छापल्या गेल्या. तेव्हा 'प्रत्येक' हा शब्द तरी काढावा. ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली बारा इंची सिंगल असूनही तिला त्या काळी 'गोल्ड डिस्क' मिळाली नाही, कारण ती देणाऱ्या तबकडी व्यवसायाच्या संघटनेची फॅक्टरी सभासदच नव्हती. ही गोष्ट मात्र पक्की आहे आणि लेखात नाही.

शुद्धिपत्र छापणार असाल, तर निदान १९८३ आणि १९८८ची सरमिसळ दूर करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे