‘विरॅडजुरी’ नव्हे, ‘विराजुरी’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियातील विराजुरी लोकांवर लेख आला. बडोद्याच्या मराठी वाचकापुढे न्यू साउथ वेल्समधली एक भाषा ठेवावीशी वाटली, हेच मुळात चांगले. पण त्यातले निम्मे शब्द इंग्रजी वाचायच्या सवयीने नागरीत उतरवले आहेत. याची गरज नव्हती, कारण या भाषेचे बरेचसे ध्वनी रोमनपेक्षा नागरीत नीट बसतात.

सुरुवात नावापासूनच: लेखात ते ‘विरॅडजुरी’ असे छापले आहे. विराजुरीत स्वर तीन: अ, इ, उ, आणि त्यांचे दीर्घ. ॲ नाही, ए-ओ नाहीत. त्यामुळे ‘विरॅ’ आपोआप बाद. पुढचे ‘डज’ हे रोमन ‘डी’ आणि ‘जे’ या दोन अक्षरांचे लिप्यंतर आहे. मूळ ध्वनी एकच आहे. ‘विराय’ म्हणजे ‘नाही’ आणि ‘दुराय’ हा ‘-वाला’ अशा अर्थाचा प्रत्यय. ‘य’च्या शेजारी आल्याने ‘द’ तालव्य होऊन ‘ज’कडे झुकतो, म्हणून काही जुन्या कागदांत ‘विरादुरी’ सापडते तर काहींत ‘विराजुरी’. म्हणजे हे लोक ‘विराय’ हा नकार वापरणारे. उत्तरेकडच्या गमिलरायांच्या नावाची घडणही अशीच, ‘गमिल’ म्हणजे नाही. या हिशेबाने आपले गुजराती शेजारी ‘नथीवाले’ ठरतात आणि आपण ‘नाहीवाले’.

सगळ्यात जास्त घोटाळा रोमन ‘एच’ने केला आहे. विराजुरीत महाप्राण नाहीतच: ख, घ, थ, ध, भ काही नाही. स, श, फ, ह हेही नाहीत. रोमन लिपीत ‘डी’ किंवा ‘एन’ला जोडलेला ‘एच’ एवढेच सांगतो की जीभ दातांना लावा. आपला ‘द’ दंत्यच आहे, ‘आनंद’मधला ‘द’च्या आधीचा ‘न’ही दंत्य. म्हणून ‘मी’ या अर्थाचा शब्द ‘ङदु’ आहे, लेखात आलेला ‘नगधू’ नव्हे. (अंत्य उकार दीर्घ करायचा आपला नियम इथे लावू नये, ऱ्हस्व-दीर्घाने या भाषेत अर्थ बदलतो.) ‘जाणणे, विचार करणे’ यासाठीचा शब्द ‘विनङाना’ आहे. तो ‘विन्हंगन्हा’ छापला गेला, तेव्हा तीन ध्वनी बिघडले.

‘ङ’ आपण शाळेत ‘क ख ग घ’च्या शेवटी म्हणतो आणि विसरतो. तो उच्चारायला अवघड नाही. ‘रंग’ म्हणा, आणि ‘ग’ फुटायच्या आधी जिथे आवाज नाकात घुमतो तिथे थांबा. तोच ‘ङ’. आता तिथूनच ‘ङा, ङी, ङू’ म्हणा. शिकणारे चुकतात ते एकाच जागी: मागाहून ‘ग’ सोडून देतात. एकोणिसाव्या शतकातल्या टिपणकारांना शब्दारंभीचा हा ध्वनी ऐकूच येत नसे. कुणी ‘न’ लिहिला, कुणी गाळूनच टाकला. विराजुरीत तो शब्दाच्या शेवटीही येतो, आणि तिथे अनुस्वाराने काम भागत नाही. ‘ङुऱम्बङ’ म्हणजे आपला मुलूख, आपली भूमी. शेवटी टिंब दिले की मराठी वाचक ‘बं’ वाचणार.

‘ज’ तालव्य घ्यावा, ‘जीवन’मधला, ‘जाळे’मधला नव्हे. ‘र’ दोन आहेत. एक आपला नेहमीचा कंप पावणारा, दुसरा जीभ मागे वळवून, कुठेही न टेकवता म्हटलेला. दुसऱ्यासाठी ‘ऱ’ वापरावा, मराठीत तो आयता आहे. बडोद्यातल्या ज्या मुलांची अक्षरओळख गुजरातीतून झाली, त्यांना तो वेगळा दाखवून द्यावा लागेल, कारण गुजराती वर्णमालेत तो नाही.

नागरीची एक खोड मात्र इथे नडते. मराठीत अंत्य ‘अ’ आपण गिळतो. नदीला विराजुरीत जो शब्द आहे तो ‘बिल’ असा लिहिला, तर वाचकाला विजेचे बिल दिसेल. म्हणून जिथे ‘अ’ गिळला जाण्याचा धोका आहे तिथे काना द्यावा: ‘बिला’. आणि जिथे मूळचाच दीर्घ ‘आ’ आहे तिथे अवग्रह: ‘गुगाऽ’, म्हणजे घोरपड. ‘बिलाबङ’वरूनच इंग्रजीत ‘बिलबाँग’ गेला, नदीने सोडून दिलेल्या पात्रातले डबके.

स्वराच्या या लांबीची किंमत किती असते, ते वॅगा वॅगा या शहराने दाखवले. ‘पुष्कळ कावळ्यांची जागा’ हा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला, आपल्या लेखातही तोच आहे. पण कावळा म्हणजे ‘वाऽगन’, दीर्घ ‘आ’ आणि शेवटी ‘न’. नाचण्याचा धातू ‘वगा’. विराजुरी वडीलधारी मंडळी ‘पुष्कळ नाच आणि उत्सव’ असा अर्थ सांगत होती, आणि २०१९ मध्ये तिथल्या नगर परिषदेने कावळे अधिकृतपणे सोडून तोच स्वीकारला.

स्पेलिंगांचा गोंधळ मुळात कुठून आला, तेही लेखात यायला हवे होते. १८१५ मध्ये विराजुरी मुलखात बॅथर्स्ट हे इंग्रजांचे गाव वसले, ऑगस्ट ते डिसेंबर १८२४ या काळात तिथे लष्करी कायदा होता, आणि १८३२ मध्ये वेलिंग्टन खोऱ्यात मिशन उघडले. तिथे इंग्रज आणि जर्मन मिशनऱ्यांनी आपापल्या कानांनी शब्द टिपले. भाषेत ब-प, ग-क हा फरकच नाही, त्यामुळे लॅक्लन नदी कुठे ‘गलरी’ तर कुठे ‘कलरी’. स्टॅन ग्रँट (थोरले) आणि जॉन रडर यांनी २०१० चा शब्दकोश केला, तेव्हा एका शब्दाची अशी अनेक रूपे पुढ्यात ठेवून एक निवडावे लागले. वॅगा वॅगातच चार्ल्स स्टर्ट विद्यापीठाने या भाषेचा, संस्कृतीचा आणि वारशाचा पदव्युत्तर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम सुरू केला.

छायाचित्राबद्दलही. ‘कोरीव झाड’ अशी ओळ होती, पण चित्रातले झाड कोरलेले नाही, साल काढलेले आहे. होडी, ढाल किंवा परडीसाठी सालीचा लांबट तुकडा काढला की खोडावर बदामी आकाराची खोक राहते. ती सहसा जमिनीपर्यंत पोचत नाही, आणि कडेने नवी साल गोल वळून आत येते. कोरीव झाडात साल काढल्यावर उघड्या लाकडात चौकटी, नागमोडी रेघा खोदतात. ती दफनाच्या किंवा दीक्षाविधीच्या जागी असतात. मोलाँग गावाजवळ युरानी या विराजुरी माणसाची समाधी अशी आहे. १८४५-४६ मध्ये मिचेल या सर्वेक्षकाच्या मोहिमेचा तो वाटाड्या, १८५० मध्ये वारला. झाड जिवंत असले तर नवी साल कोरीवकामावर चढून ते झाकते. मेले तर वणवा आणि वाळवी.

खोक म्हणजे नुसती जखम नव्हे. गंडगाय गाव पूरमैदानात वसवू नका असे विराजुरींनी बजावले होते. जून १८५२ मध्ये मरंबिजी नदी फुगली, तेव्हा यारी आणि जॅकी जॅकी या विराजुरी पुरुषांनी अशाच सालीच्या होड्यांतून माणसे काढली. विश्वामित्रीचे पाणी घरात शिरलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

एक विनंती शब्दांबाबत. ‘टोळी’ लिहू नये. मराठीत टोळी दरोडेखोरांची असते. ‘विराजुरी लोक’ पुरे. ‘यिंजमारा’ या विराजुरी शब्दाचे ‘आदर’ हे भाषांतर तोकडे पडते: त्यात सौम्यपणा आहे आणि घाई न करणेही. ‘अदब’ आणि ‘सबुरी’ एकत्र केले तर जवळ जाते.

आपल्या अक्षरजुळणी विभागासाठी: इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘ह’च्या कळीवर ‘ङ’ मिळतो, ‘र’च्या कळीवर ‘ऱ’. मुद्रितशोधकांनी ‘ङ’चे टिंब तपासावे, ते उडाले की ‘ड’ होतो, आणि आपल्या लेखात ‘डुरम्बड’ झाले ते तसेच.

— भाषा-अभ्यासकांचा एक गट,
दांडिया बाजार, वडोदरा