चित्रं दुसरेच काढतात, मग तू काय करतेस?

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

हे फोनवरच सांगणार होते. पण आईचा आवाज जरा बदलला की माझं निम्मं बोलणं घशातच राहतं, म्हणून लिहितेय. पुढच्या महिन्यात मी कायमची घरी परत येणार होते, ते आता होणार नाही. नव्या कार्टून मालिकेची हेड रायटर म्हणून काम घेतलंय. सोमवारी सही केली. 52 भाग, एकेक 11 मिनिटांचा. लिहिण्यातच वर्ष जाईल, आणि त्यानंतरही काही महिने मला इथून हलता येणार नाही.

बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात मी काय बोलले होते, ते विसरले नाहीये. सही करताना तो जिनाच डोळ्यांपुढे होता.

आई, मागे तू विचारलंस, "चित्रं दुसरेच काढतात, आवाजही दुसऱ्यांचे, मग तू काय करतेस गं?" तू सहज विचारलंस, टोचायला म्हणून नाही, मला माहीत आहे. मी "लिहिते" एवढंच म्हणून विषय बदलला आणि मग रात्रभर चुटपुट लागली. ज्या कामापायी घरच्या इतक्या गोष्टी चुकवल्या, ते काम काय आहे हे तुम्हा दोघांना मी कधी धड सांगितलंच नाही.

तर ऐक. आधी चार ओळींची कल्पना द्यायची. ती पसंत पडली की दोन-तीन पानांचा आराखडा, आणि मग पटकथा. 11 मिनिटांच्या भागालासुद्धा पंधरा-सोळा पानं सहज लागतात. नाटकातला नट दाराकडे कसं बघायचं ते स्वतः ठरवतो. आमच्या पात्राला आपसूक काहीच येत नाही. पापणी मिटायची तर तीही कुणीतरी काढावी लागते. म्हणून सगळं लिहायचं. कलाकारांचे आवाज बहुतेक वेळा आधीच रेकॉर्ड होतात आणि ओठ त्या आवाजाप्रमाणे हलवतात. स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंगामागून प्रसंग मांडलेली साधी चित्रं त्या आवाजावर लावली की कच्चा भाग तयार होतो, त्याला ॲनिमॅटिक म्हणतात. ते बघताना माझ्या पोटात गोळा येतो. जीव ओतून लिहिलेलं वाक्य तिथे नकोसं वाटतं, नुसतं वळून बघणं पुरतं. मग ते वाक्य काढायचं, तिथल्या तिथे. कारण पुढे एका सेकंदाला 24 चौकटी असतात, आणि सगळं हलायला लागल्यावर बदल म्हणजे कितीतरी जणांचे आठवडे पाण्यात.

बाबा, तुम्हाला जुन्या गोष्टी आवडतात म्हणून एक सांगते. थिएटरात दाखवायच्या छोट्या कार्टूनपटांच्या काळात अमेरिकेतले गोष्ट रचणारे लोक बरेचदा चित्रंच काढून भिंतीवर टाचायचे. 1957 साली एमजीएम या तिथल्या सिनेमा कंपनीने आपला कार्टून विभाग बंद केला आणि टॉम-जेरीवाले हॅना आणि बार्बेरा टीव्हीकडे वळले. टीव्हीचे पैसे कमी, म्हणून चित्रंही कमी. अंग जागच्या जागी, हलतंय ते फक्त तोंड. मग गोष्टीचा भार बोलण्यावर आला. कार्टूनपटांचा दिग्दर्शक चक जोन्स याच्याबरोबर वर्षानुवर्षं गोष्टी रचलेला मायकेल माल्टीज 1958 मध्ये हॅना-बार्बेरांकडे गेला. त्याच्या गोष्टींवर किती पिढ्या हसल्या, पण नाव विचारलं तर सांगणारे थोडेच. मला मात्र ते नाव आठवलं की बळ येतं.

मीही दहा वर्षं दुसऱ्यांच्याच पात्रांना बोलतं केलं. प्रत्येक मालिकेचं एक 'बायबल' असतं: कोण कसं बोलतं, कोण कशाला घाबरतं, काय कधीच करत नाही. त्याच्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. या खेपेला ते बायबल मी लिहिणार आहे. आई, अशी संधी पुन्हा दाराशी येईल असं मला वाटत नाही.

आणि हो, आधीची ती मालिका, दोन वर्षं राबून प्रसारणाआधीच बंद झाली ती. तेव्हा मी तुम्हाला सुट्टी काढलीय असं सांगून आले होते. आठ दिवस मधल्या खोलीत पडून होते. तू एका शब्दाने विचारलं नाहीस, फक्त रोज पहाटे येऊन पंखा कमी करून जायचीस. तुला कळलं होतं ना?

बाबा, नव्या मालिकेत एक छत्री आहे. भिजायला घाबरणारी. दिवे गेले की तुम्ही कोपऱ्यातल्या छत्रीला नाकातून बोलायला लावायचात, अडखळत, आणि मी हसून हसून तुमच्या मांडीवर लोळायची. तीच ही. पहिल्या भागाच्या तिसऱ्या पानावर पाऊस सुरू होतो, मुलगी दांडा धरते, छत्री डोळे घट्ट मिटते आणि म्हणते, "आ-आधी बघ ना, ढग ओळखीचा आहे का." लिहिताना मी संवाद मोठ्याने म्हणते. बाकी सगळ्यांचे आवाज शोधावे लागले, हिचा तुमचाच आला.

आता जरा माझं ऐका दोघंही. रात्रीच्या मावशींना पुढच्या सोमवारपासून यायला सांगितलंय. आई, "आम्हाला काही गरज नाही" म्हणून त्यांना दारातून परत पाठवायचं नाही. तू अजून सगळं करू शकतेस, मला ठाऊक आहे. पण बाबांना उठवताना तुझी पाठ धरते, हे तू मला सांगितलं नाहीस तरी मला दिसतं. पैशांचा विषय काढायचा नाही, ते मी बघतेय. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस येईल, भिंत खराब होईल म्हणून त्याला अडवू नका. बाबा, रात्री उठायचं तर आधी दिवा, मग चष्मा, मग पाय खाली. काठी पलंगाच्या उजव्या बाजूला, दाराआड नाही. गोळ्यांच्या डब्याचे कप्पे रविवारी भरायचे. आणि तुमची खिडकीजवळची खुर्ची कुणीही हलवणार नाही, हे मी मावशींना दोनदा बजावलंय.

तुम्हाला इकडे आणायचा विचार फार केला. पण ती खिडकी सोडून तुम्ही इथे दिवसभर माझ्या दाराकडे बघत बसाल, ते मला सोसणार नाही. दर दोन महिन्यांनी पाच दिवस येईन. तारखा मी सही करायच्या आधीच मागून घेतल्यात, कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

बाबा, एक काम आहे. छत्रीचा आवाज ज्यांना द्यायचाय त्यांना ती कशी बोलते ते ऐकवायचंय. मी करून दाखवलं, पण ते जमत नाही. वरचं वाक्य फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. खुर्चीत बसूनच, सकाळी, दम लागला तर मध्ये थांबून. आई, लाल बटण तू दाब, आणि ते संपल्यावर लगेच बंद करू नकोस. पुढे तुम्ही दोघं काय बोलता तेही येऊ दे.

तुमची,
लेक