मात्रा पंपाला नव्हे, एकराला मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शेतीच्या पानावर मक्यातल्या तणनाशकांचा सल्ला वाचला. औषधांची नावं बरोबर होती, फवारणीचे दिवसही बरोबर होते. पण मात्रा दिली होती 'पंपाला इतके मिली' अशी, म्हणजे पाठीवरच्या फवारणी पंपाच्या एका टाकीला, आणि मक्यामागून त्या रानात काय लावायचं याबद्दल एक अक्षर नव्हतं. याच दोन गोष्टींनी माझा एक हंगाम खाल्ला, म्हणून लिहितो.

आमच्या येवला तालुक्यात खरिपात मका आणि त्यामागून कांदा हा ठरलेला क्रम. 2023 साली जुलैत मका पेरला. उगवणीआधी ॲट्राझीन या तणनाशकाची 50 टक्के पावडर एकरी 800 ग्रॅम मारली. ही वरची हद्द, पण आमची जमीन काळी, भारी, म्हणून तेवढी घेतली. वरच्या थराला ओल नव्हती, त्यामुळे औषध मातीवर नुसतं पडून राहिलं आणि तण निघायचं ते निघालंच. विसाव्या दिवशी दुकानदार म्हणाला, "टेम्बोट्रायोन हे उगवलेल्या तणावरचं औषध मारा, सोबत अर्धा किलो ॲट्राझीन पुन्हा टाका, रान आरशासारखं होईल." झालंही तसंच. केना, माठ, शिपी सगळं तण आठ दिवसांत पांढरंफटक पडलं आणि मका मधे हिरवागार उभा. निंदायला माणूस लावावा लागला नाही, म्हणून मी दुकानदाराला चहा पाजून आलो.

मग ऑगस्ट कोरडा गेला. 1901 पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. पुढे राज्याने जे 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आमचाही होता. विहिरीच्या पाण्यावर 30 गुंठे कांदा होईल म्हणून मका काढून रान नांगरलं आणि नोव्हेंबरअखेर रोपं लावली. मुळी धरली, नवी पात निघाली, आणि तिसऱ्या आठवड्यात पातीचे शेंडे पिवळे पडून वाळायला लागले. कुणी मर रोग म्हटलं, बुरशीनाशकाची आळवणी केली. कुणी थ्रिप्स (फुलकिडे) म्हटलं, तीही फवारणी झाली. फरक शून्य. शेवटी एका संध्याकाळी बांधावर बसलो असताना लक्षात आलं की कांदा सगळीकडे सारखा जात नाहीये. दोन्ही बांधांच्या कडेला, जिथे आपण पंप घेऊन वळतो आणि वळताना नोझल चालूच ठेवतो, तिथले वाफे पार बसले होते. रानाच्या मधला कांदा आजारी होता, पण जिवंत होता. रोग काही माझ्या वळणाच्या जागा बघून येत नाही. हे मातीत उरलेलं ॲट्राझीन होतं, वळणावर जास्त पडलेलं.

मक्याला ॲट्राझीन चालतं, कारण मका ते आपल्या पानात मोडून निकामी करतो. कांद्याला ते जमत नाही. मातीत हे औषध विरतं ते ओलाव्यावर आणि जिवाणूंवर. पाऊस नीट झाला तर चार-पाच महिन्यांत पुष्कळसं जातं. कोरड्या साली, त्यातही चुनखडीच्या भारी रानात, ते रेंगाळतं. मी तर ते दोनदा घातलं होतं. टेम्बोट्रायोनचंही असंच पथ्य आहे. मक्याला ते सोसतं, पण शेजारच्या ज्वारीवर उडालं किंवा मक्यात उडीद-सोयाबीनचं आंतरपीक असलं, तर तीही पांढरी पडतात.

आता पंपाचं. टेम्बोट्रायोनची मात्रा एकरी 115 मिली, 200 लिटर पाण्यातून. 15 लिटरच्या पंपाने हे 13 पंप होतात, म्हणजे पंपाला साधारण 9 मिली. पण एकराला 13 पंप मारतो कोण? माझा धाकटा भाऊ झपझप चालतो, तो आठ पंपांत एकर उरकतो. त्याने पंपाला 9 मिली घातलं तर एकराला 72 मिलीच पडतं आणि तण हसत उभं राहतं. आमचा गडी निवांत, त्याला 18 पंप लागतात, त्याच्या हातून 160 च्या वर जातं. दुकानदार सांगतो 'पंपाला 15 मिली'. ते भावाच्या चालीला जवळपास बरोबर बसतं आणि गड्याच्या हातून 270 मिली होतं! बाटली तीच, रान तेच.

यावर उपाय फुकटातला आहे. 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे एक गुंठा आखायचा. जो माणूस फवारणार त्याच्याच हाती, त्याच पंपाने आणि त्याच नोझलने त्यावर साधं पाणी मारायचं. किती लिटर गेलं ते मोजून 40 ने गुणायचं. आमच्याकडे फ्लॅट फॅन (पंख्यासारखा सपाट फवारा देणाऱ्या) नोझलने चार लिटर गेले, म्हणजे एकराला 160 लिटर, पावणेअकरा पंप. 115 भागिले तेवढे, पंपाला पावणेअकरा मिली. अर्धा तास लागतो. हे ना दुकानात कुणी सांगितलं, ना आपल्या पानावर आलं.

मी तणनाशकांच्या विरोधात नाही. पहिले 30 ते 45 दिवस मका तणात राहिला तर पुढे कितीही युरिया टाका, कणीस भरत नाही, आणि पावसाच्या झडीत कोळपं चालत नाही. मक्याला 2025-26 साठी 2,400 रुपये हमीभाव जाहीर झाल्यावर आमच्याकडे ज्यांनी कधी मका लावला नव्हता तेही लावायला लागले. त्यांच्यासाठी तरी आपण मात्रा एकरी छापा, पाणी किती ते छापा, आणि शेवटी एक ओळ पुढच्या पिकाची द्या. बाटलीसोबतचं पत्रक मराठीत असतं, पण त्याचं अक्षर माझ्या चष्म्यालाही दाद देत नाही. दुकानदारांनी बिलाच्या मागे या तीन गोष्टी पेनाने लिहून दिल्या तरी चालेल.

आता मी मका काढल्यावर दोन डब्यांत माती भरतो, एकात रानातली, दुसऱ्यात बांधापलीकडची, कधीच न फवारलेली. दोन्हींत काकडीचं बी टाकतो. ॲट्राझीन उरलं असेल तर रानातल्या मातीतली काकडी उगवते, पण पंधरा-वीस दिवसांत पानांच्या कडा करपतात. मागच्या वर्षी दोन्ही डबे सारखे हिरवे राहिले, मग लावणीसाठी कांद्याची रोपं उपटायला घेतली. यंदाचे डबे ओट्यावर मांडले आहेत, अजून दोनच पानं आली आहेत.

आपला,
एक मका-कांदा उत्पादक शेतकरी
ता. येवला, जि. नाशिक