पोटुशीला फ्लूची लस

2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातच गेला, नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा आम्ही पाहिल्यात. तरी डॉक्टरांनी सुनेला सातव्या महिन्यात फ्लूची लस सुचवताच सोसायटीतल्या बायका 'पोटुशीला कसली सुई टोचता' म्हणत धावून आल्या. (धनुर्वाताची मात्र चालते!) गरोदरपणी प्रतिकारशक्ती नुसती घटत नाही, तिची घडी बदलते, वाढत्या गर्भाशयामुळे फुफ्फुसांनाही जागा कमी पडते. म्हणून फ्लू न्यूमोनियावर जाण्याची भीती अधिक. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. शिवाय सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याला आईची प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) वारेतून मिळतात तेवढीच. प्रसूतिगृहांनी तपासणीच्या वेळीच हे सांगावे.

– एक सासू, कोथरूड, पुणे