गुण देणाऱ्या हातापाशी मन मोकळे कसे होईल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली २२ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवते. शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी आता उघडपणे बोलले जाते, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ते बोलणे बहुतेक वेळा एकाच सूचनेवर येऊन थांबते : शिक्षकांना प्रशिक्षण द्या. ही सूचना वाचली की मला भूमितीची एक वही आठवते.

वही नववीतल्या एका मुलीची. (ती आता मोठी झाली आहे, आणि तिला विचारूनच हे लिहिते आहे.) वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक पानावर पट्टीने आखलेला समास, कोपऱ्यात तारीख, सिद्धतेच्या प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण. सहामाहीच्या सुमारास समास गेला. मग तारीख गेली. मग कारणे गेली, नुसत्या पायऱ्या उरल्या, आणि त्याही अर्ध्यावर सोडलेल्या. अक्षर बारीक होत होत ओळीखाली घसरू लागले. मी लाल शाईने लिहिले, ‘अक्षर सुधारा.’ पुढच्या खेपेला, ‘काम अपूर्ण.’ तिसऱ्या खेपेला, ‘पालकांनी भेटावे.’ एक मूल आतून ढासळत होते, ते पानापानावर दिसत होते, आणि मी त्यावर शेरे मारत होते.

ती अखेर बोलली ती आमच्या ग्रंथपालबाईंशी. मधल्या सुट्टीत ती रोज वाचनालयातल्या कोपऱ्यातल्या बाकावर बसायची. पुस्तक उघडलेले, पान उलटलेले नाही. बाईंनी काही दिवस तिला तसेच बसू दिले. मग एकदा, ‘कपाट लावायला मदत करतेस का?’ म्हणून हाक मारली. पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता ती म्हणाली की रात्र रात्र झोप लागत नाही, सकाळी उठावेसेच वाटत नाही, आणि आपण नसलो तर घरच्यांच्या डोक्याचा ताप तरी कमी होईल. बाईंनी हातातले पुस्तक खाली ठेवले आणि सरळ विचारले, ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ ती हो म्हणाली. त्याच दिवशी आईवडिलांना बोलावले गेले, त्याच आठवड्यात ती मनोविकारतज्ज्ञांकडे गेली. बरे व्हायला बरेच महिने लागले, पण ती बरी झाली.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. असा थेट प्रश्न विचारला तर नसलेली कल्पना मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती पालकांत आणि शिक्षकांतही घट्ट बसली आहे. संशोधनात तिला आधार सापडलेला नाही. आपुलकीने विचारणारे कोणी भेटले की मुलाला एकट्याने वाहिलेले ओझे खाली ठेवायला जागा मिळते.

पुढे कधीतरी मी तिला विचारले, ‘मला का गं सांगितले नाहीस?’ ती म्हणाली, ‘बाई, तुम्ही मार्क देता ना.’

हे उत्तर मला फार लागले. नंतर वाचत गेले तेव्हा कळले की तिने एका वाक्यात सांगितलेली गोष्ट मोठमोठ्या अभ्यासांतूनही डोकावते आहे. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ नावाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. कार्यक्रम एकच, पण काही शाळांत तो तिथल्याच शिक्षकाने राबवला, तर काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या समुपदेशकाने. हा समुपदेशक म्हणजे कोणी डॉक्टर नव्हता. प्रशिक्षण दिलेला एक साधा माणूस होता. समुपदेशक असलेल्या शाळांमध्ये मुलांना शाळा आपली वाटू लागली, नैराश्य कमी झाले, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. त्याआधी, २०१५ मध्ये, युरोपातल्या १० देशांमधल्या ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. त्यातही, धोक्याची लक्षणे ओळखायला शिक्षकांना शिकवले होते त्या गटात लक्षणीय परिणाम दिसला नाही. जिथे मुलांनाच एकत्र बसवून चर्चा करायला दिली, अवघड प्रसंग वठवायला दिले, तिथे वर्षभरानंतर आत्महत्येचे नवे प्रयत्न तुलनेच्या गटापेक्षा जवळपास निम्म्यावर आलेले आढळले.

याचा अर्थ शिक्षकांना मुलांची कळकळ नाही असा कोणी काढू नये. माझे मत असे की, जिच्या हातात गुणपत्रक आहे, जिच्या शेऱ्यावरून घरी बोलणी बसतात, तिच्यापाशी चौदा वर्षांचे मूल मन उघडे करणार नाही, आणि ते त्याच्या जागी बरोबरच आहे. माझ्या दोन भूमिका मलाही एका वेळी पेलत नाहीत.

आमच्याकडे मध्यंतरी ‘मनातले लिहा’ अशी एक पेटी लावली होती. सेहेरच्या शाळांमध्येही अशी पेटी असे. फरक इतकाच की आमची पेटी शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर उघडली गेली. चिठ्ठीवर नाव नव्हते. पण आम्ही रोज वह्यांचे गठ्ठे तपासणारी माणसे. चिठ्ठी टेबलावर पडताच दोघातिघांच्या तोंडून एकच नाव आले. मधल्या सुट्टीपर्यंत ते वर्गातही पोहोचले होते. पुढच्या सोमवारी पेटीत चॉकलेटचे कागद निघाले, आणि महिनाभरात पेटी उतरवली. कार्यवृत्तात मात्र नोंद झाली, ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नाही.’ तेव्हा मी गप्प बसले, म्हणून आज लिहिते आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ या वयात दर ७ जणांत एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. माझ्या वर्गात ४९ मुले आहेत. म्हणजे गठ्ठ्यात अशा सात वह्या असू शकतात, आणि त्या सगळ्यांचा समास सुटलेला नसेल. काहींचे अक्षर शेवटपर्यंत सुबक राहते, गुणही पडत राहतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेत एक माणूस असा हवा, जो कोणताही विषय शिकवत नाही, कोणालाही गुण देत नाही आणि ज्याला बदली तासावर पाठवले जात नाही. त्याला प्रशिक्षण हवे, आणि अडले तर विचारायला वर एखादा मानसतज्ज्ञ हवा. त्याची खोली मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून नसावी. तिथे जाणारे मूल सगळ्यांना दिसते. पेटी असेल तर किल्ली त्याच्याकडे राहावी. आणि पहिल्याच भेटीत त्याने मुलाला स्पष्ट सांगावे : तू बोलशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुला इजा करत असेल, तर ते मला पुढे सांगावे लागेल, आणि सांगण्याआधी मी तुझ्याशी बोलेन. मुलांना ही अट कळते. त्यांना राग येतो तो न सांगता केलेल्या चहाडीचा.

आम्हा शिक्षकांचे काम मग उरते ते वही पाहण्याचे, रिकामा बाक पाहण्याचे, आणि त्या खोलीपर्यंत मुलासोबत चालत जाण्याचे. ते आम्हाला जमेल.

सध्या तशी खोली नाही. एखादी वही सुटत चाललेली दिसली की मी लाल पेन बाजूला ठेवते आणि वाचनालयात जाऊन बाईंच्या कानावर घालते. हे त्यांचे काम नाही, त्याचे शिक्षणही त्यांना कोणी दिलेले नाही. आणि त्या येत्या वर्षअखेरीस निवृत्त होत आहेत.

आपली नम्र,
माध्यमिक शाळेतील एक गणित शिक्षिका