सात नंबर खाटेच्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

तुमची बदली झाल्याचं मला वॉर्डच्या दारात कळलं. हातात आमसुलांचा डबा होता, तो तसाच घरी परत आला. नव्या जागेचा पत्ता विचारायला संकोच वाटला, म्हणून हे उघडं पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हांला ते आवडणार नाही. पण 'सात नंबर खाट, मांडीवर बादली घेऊन बसलेली' म्हटलं की ती तुम्हांला आठवेल. मी तिची आई.

तुम्ही आम्हांला पहिल्यांदा पाहिलंत ती लेकीच्या ओकण्याची चौथी खेप. त्याआधीचं मी तुम्हांला कधीच सांगितलं नाही, लाजेपोटी. आता सांगते.

लेक तेव्हा 14 वर्षांची. पहिली खेप देवळाच्या जत्रेनंतरची. रात्रभर दशावतार बघून आली आणि दुसऱ्या पहाटे चारच्या सुमाराला उठून ओकायला लागली. जत्रेतलं खाजं बाधलं असेल म्हणून सोडून दिलं. दोन दिवस सलाईन, तिसऱ्या दिवशी उठली आणि पेज मागितली. दीड महिन्याने पुन्हा तसंच, तेव्हा सगळे म्हणाले पित्त. तिसरी खेप शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी. सोनोग्राफी साफ, रक्त ठीक. आणि एका खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "रिपोर्टमध्ये काही नाही. या वयातल्या मुली बारीक राहायला घशात बोटं घालतात. लक्ष ठेवा."

मला ते लगेच पटलं. मी शिक्षिका आहे, मुली मला कळतात असा माझा समज होता. चार किलो वजन उतरलेलं दिसत होतं. त्यात एका लग्नात साडी नेसून तिने विचारलं होतं, "आई, मी जाडी दिसते का?" त्या एका वाक्यावर मी अख्खं घर बांधलं.

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. "चेडवाक कोणाची तरी नजर लागली हा." त्यांनी मीठ-मोहरी ओवाळली आणि मी मनात हसले. नजर लागलीच होती तिला, ती माझी, हे मागाहून कळलं. नवऱ्याला सांगून मी न्हाणीघराची आतली कडी काढवली. जेवणानंतर अर्धा तास तिने माझ्यासमोर बसायचं, असा नियम केला. ती काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, "मी जेवणानंतर कुठे ओकते?" मला ते उलट उत्तर वाटलं. सगळा उलगडा त्या एका प्रश्नात होता, सिस्टर, आणि मी तिला गप्प बस म्हटलं.

मग तुमची रात्रपाळी. सलाईन लावून झाल्यावर तुम्ही मला गरम पाणी आणायला पाठवलंत. थर्मास भरलेला होता, तरी पाठवलंत. तेवढ्यात तुम्ही तिला काय विचारलंत ते तिने मला कितीतरी महिन्यांनी सांगितलं. "बाये, तू आपणहून काढतंस काय गो? काढत असलंस तरी मी रागावचंय नाय." तिने नाही म्हटलं. तुम्ही ते ऐकून घेतलंत आणि तरीही तिची बोटं पाहिलीत, तोंड उघडायला लावून बॅटरीने दात आतल्या बाजूने पाहिलेत, कानाखाली गाल चाचपलेत. मी परत आले तेव्हा बॅटरी तुमच्या हातात होती, आणि मला वाटलं घसा बघताय.

पहाटे चहा घेताना तुम्ही मला समजावलंत. बोटं घालून ओकणाऱ्या मुलींना दात पुन्हापुन्हा लागून बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात, आम्लाने दातांचं आवरण आतून झिजतं, गालांच्या ग्रंथी सुजतात. लगेच पुढे म्हणालात, की यातलं काही दिसलं नाही म्हणून ते नाहीच असं होत नाही, आणि अशी मुलगी बारीकच असते असंही नाही. रक्तातलं पोटॅशियम उतरलं असेल तर तेही काही सांगत नाही, कारण कुठल्याही कारणाने खूप ओकलं की ते उतरतं. मग विचारलंत, "ओकते कधी? जेवून उठल्यावर, की पोट रिकामं असताना? लपवते, की सगळ्यांसमोर बादली मागते? मधले दिवस कशी असते?"

मधले दिवस! ते कुणीच विचारलं नव्हतं. मधले दिवस ती घावणे खाते, बांगडा खाते, स्कर्ट सैल झाला म्हणून कुरकुरते.

आणि मग माझ्याकडे बघून, "तुम्हांला अर्धशिशी आहे ना?" मी कपाळाला बाम चोपडून ओढणी आवळून बसले होते, म्हणून तुम्हांला कळलं. ती पांघरूण डोक्यावरून घेऊन, दिवा विझवा म्हणून विनवत होती. गेली वीस वर्षं मी घरात तेच करते, आणि मला ते दिसलं नव्हतं.

कालनिर्णयची मागची पानं काढून चारही खेपा तुम्ही मला लिहायला लावल्यात. सुरू झाल्याची वेळ, किती तास, आदल्या दोन दिवसांत काय. चारही पहाटेच्या. चारही साधारण दोन दिवसांच्या. प्रत्येकीच्या आधी जागरण नाहीतर मोठा आनंद. तो कागद तुम्हीच मुलांच्या डॉक्टरांपुढे ठेवलात. त्यांनी वाचला आणि सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम हा शब्द आमच्या घरात आला. सॅम्युएल गी नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी 1882 साली मुलांमधलं हे दुखणं लिहून ठेवलंय म्हणे. ते अर्धशिशीच्या गोतावळ्यातलं. ठरावीक वेळी येतं, ठरावीक मुक्काम करतं, जातं, आणि मधल्या काळात मूल ठणठणीत.

त्यांनी शिक्का मारायची घाई केली नाही, हेही लिहायला हवं. उलटी हिरवी होती म्हणून आतड्याला पीळ तर नाही ना हे बघायला बेरियमची तपासणी हवीच म्हणाले, त्यासाठी आम्ही गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलो. पहाटेची उलटी डोक्यातल्या गाठीमुळेही होऊ शकते, म्हणून डोळ्यांचा पडदा तपासला. पुढची खेप सुरू असतानाच साखर, क्षार आणि अमोनियासाठी रक्त घ्यायचं ठरलं, कारण काही बिघाड तेवढ्या वेळीच सापडतात. सगळं निर्धोक निघालं.

मग गोळीची गंमत. ईसीजी काढून रात्रीची अमिट्रिप्टिलिन सुरू केली. मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ही डिप्रेशनची आहे, माहीत आहे ना?" मी तशीच रिक्षाने तुमच्याकडे आले. कमी मात्रेत ती अर्धशिशीलाही देतात, हे तुम्ही इंजेक्शनची ट्रे हातात धरून, उभ्या उभ्या सांगितलंत. वर दटावलंतही. "आणि मनासाठी असती तर दिली नसतीत?"

ते वाक्य मला बोचलं, अजून बोचतं. 'खाण्याचा आजार नाही' हे कळल्यावर मी सुटल्यासारखी हसले होते, ते तुम्ही पाहिलं होतंत. बुलिमिया, म्हणजे खाऊन मग मुद्दाम ओकण्याचा आजार, असता तरी तिला हीच खाट, हेच सलाईन आणि हाच आवाज मिळाला असता, असं तुम्ही म्हणालात. आता वर्गातल्या एखाद्या मुलीबद्दल शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली की मी आधी तिच्याशी बोलते.

आणि तुम्ही बजावलेलं खरं ठरलं. परीक्षेच्या आठवड्यात ती जेवण टाळायला लागली. बारीक व्हायला नाही, ओकारी येईल या भीतीने. "हे लवकर धरा, नाहीतर यातूनच खाण्याचं दुखणं उभं राहील," असं तुम्ही आधीच सांगितलं होतंत. उपाशी राहण्यानेही खेप येऊ शकते, हे तिला डॉक्टरांकडून ऐकवलं. समुपदेशकांकडे तीनदा गेलो. आता परीक्षेला निघताना मऊ भात खाऊन जाते.

कडी परत बसवली. स्क्रू एकेक करून तिनेच वडिलांच्या हातात दिले. मी तिची माफी मागितली तेव्हा म्हणाली, "जाऊ दे, तुला माहीत नव्हतं." मला माहीत करून घेता आलं असतं, हे ती बोलली नाही.

खेपा अजून येतात, कमी येतात. यंदा नेमकी हरतालिकेच्या पहाटे आली, गणपती यायच्या आदल्या दिवशी. तोंड पांढरं पडलं, लाळ सुटली, तशी तिने स्वतःच जिभेवर विरघळणारी ऑन्डॅन्सेट्रॉन ही ओकारी थांबवायची गोळी घेतली, पण या वेळी ती पुरली नाही. मग खेप आली की काय करायचं ते डॉक्टरांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलेला कागद घेऊन तिचे वडील तिला तुमच्याच वॉर्डात घेऊन गेले. नव्या सिस्टरनी कागद वाचला, खाटेवरचा दिवा मालवला, ग्लुकोजचं सलाईन लावलं. कुणीही काहीही शंका काढली नाही. मी घरी मोदक वळत होते, आणि माझे हात कापत नव्हते.

ऋषिपंचमीला दुपारी ती घरी आली. आल्याआल्या कालनिर्णयवर खेपेची वेळ आणि तास स्वतःच्या अक्षरात लिहिले, आणि मग ऋषीची भाजी दोनदा मागून घेतली.

तुमची,
बादलीवालीची आई